पन्नास उरले, आता काय करायचं?

लार्ज ब्लू हे निळसर फुलपाखरू ब्रिटनमध्ये वर्षागणिक कमी होत चाललं, तेव्हा पहिला संशय गेला तो फुलपाखरं टाचून ठेवणाऱ्या हौशी संग्राहकांवर. म्हणून त्याच्या एका चांगल्या माळाला कुंपण घातलं. संग्राहक थांबले, पण त्यांच्याबरोबर चरणारी जनावरंही बाहेर राहिली. गवत वाढलं आणि त्या माळावरचं फुलपाखरू संपलं. १९७९ साली ते देशातूनच नाहीसं झालं.

खरं कारण होतं मुंग्यांच्या बिळात. या फुलपाखराची अळी सुरुवातीचे दोन-तीन आठवडे रानटी थाइम या सुवासिक झुडपाची फुलं खाते आणि मग जमिनीवर पडते. लाल मुंग्या तिला आपलंच पिल्लू समजून बिळात नेतात. पुढचे नऊ-दहा महिने ही पाहुणी यजमानांच्याच अळ्या फस्त करत राहते. तिला उचलून नेणाऱ्या मुंग्या अनेक जातींच्या असतात, पण ती धड जगते ती मुख्यतः एकाच जातीकडे, मायर्मिका सॅब्युलेटीकडे. या मुंगीला ऊबदार जमीन लागते. गवत दोन-तीन सेंटिमीटरच्या वर गेलं की सावलीमुळे माती थंडावते आणि दुसऱ्याच जातीची मुंगी तिथे बस्तान बसवते. १९५० च्या दशकात मिक्सोमॅटोसिस या सशांच्या रोगाच्या साथीत गवत खाणारे ससे मेले, उतारांवरची चराईही बंद पडत गेली. माळ हिरवागार, थाइम भरपूर, आणि फुलपाखरू गायब. पुढे चराई परत सुरू केली, गवताची उंची मोजून सांभाळली आणि १९८३ पासून स्वीडनमधली फुलपाखरं आणून सोडली, तेव्हा ती टिकली.

संपत चाललेली प्रजाती वाचवायची तर कुंपण, शिकारबंदी, प्रजनन केंद्र, वृक्षलागवड यांपैकी कोणताच उपाय मुळात वाईट नाही. गोष्ट बिघडते ती उपाय आधी ठरवून निदान नंतर शोधायला गेल्यावर. त्यात आता हवामान बदलतंय, त्यामुळे एकदा केलेलं निदान कायमचं धरून चालता येत नाही. दहा वर्षांपूर्वी जी अडचण शिकारीची होती, ती आज पाण्याची असू शकते.

निदान म्हणजे नेमकं काय करायचं?

पहिला प्रश्न ‘किती उरले?’ असा असतो, पण जास्त उपयोगी प्रश्न ‘आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर गळती होतेय?’ हा आहे. अंडी फुटत नाहीत, पिल्लं पहिलं वर्ष काढत नाहीत, का प्रौढच मरतायत? प्रत्येक टप्प्यावर किती टक्के जीव पुढे सरकतात ते मोजायचं आणि मग कागदावर एकेक आकडा बदलून पाहायचा: अंडी वाचण्याचं प्रमाण दुप्पट झालं तर संख्या वाढते का? प्रौढांचं मरण पाच टक्क्यांनी घटलं तर?

हे गणित भल्याभल्यांचा अंदाज चुकवतं. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर लॉगरहेड कासवांची घरटी राखण्यावर वर्षानुवर्षं मेहनत झाली. १९८७ साली मांडलेल्या गणिताने दाखवलं की एकूण एक अंडं वाचवलं तरी घसरण थांबणार नाही, कारण खरी गळती समुद्रात होती. मोठी पिल्लं आणि प्रौढ कासवं कोळंबीच्या ट्रॉल, म्हणजे बोटीमागे ओढायच्या, जाळ्यांत अडकून बुडत होती. उपाय निघाला तो जाळ्यात बसवायच्या तिरक्या लोखंडी जाळीचा: कोळंबी गजांमधून मागे जाते, कासव गजांवर आपटून वरच्या किंवा खालच्या झडपेतून बाहेर पडतं. सावकाश वयात येणाऱ्या, दीर्घायुषी प्राण्यांचं बहुतेक असंच असतं. प्रौढांचं मरण थोडं जरी वाढलं तरी पिल्लांची कितीही काळजी ते भरून काढत नाही.

दक्षिण आशियातली गिधाडं हे याचं सगळ्यात भयानक उदाहरण. भारतात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घसरली. गुरांना वेदनाशामक म्हणून दिलं जाणारं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावरात उरतं आणि ते मांस खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात, हे २००४ च्या सुमारास स्पष्ट झालं. आणि एवढी पडझड व्हायला शंभरातल्या एकाहूनही कमी मृत जनावरांत घातक मात्रा असणं पुरेसं होतं, असं गणित सांगतं. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं आणि एका जनावरावर थवाच्या थवा उतरतो, म्हणून.

पण निदान अचूक असलं तरी काम तिथे संपलं नाही. भारताने २००६ मध्ये पशुवैद्यकीय डायक्लोफिनॅकवर बंदी घातली, तर माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जाऊ लागल्या. २०१५ मध्ये माणसांसाठीची इंजेक्शनची कुपी ३ मिलीपुरती मर्यादित करावी लागली. अॅसिक्लोफिनॅक नावाचं दुसरं औषध गुरांच्या शरीरात जाऊन डायक्लोफिनॅकच बनतं. किटोप्रोफेनही गिधाडांना घातक आहे. या दोन्हींवर पशुवैद्यकीय बंदी आली ती २०२३ मध्ये. बंदीच्या जोडीला मेलॉक्सिकॅमसारखा सुरक्षित पर्याय दुकानात, त्याच किमतीच्या आसपास, हाताशी असावा लागतो. नाहीतर माणसं पळवाट काढतात, आणि त्यांना दोष देऊन गिधाड वाचत नाही.

संख्या लहान असणं हाच एक आजार

कारण सापडलं, दूर केलं, तरी संख्या पन्नासावर आली असेल तर नवी दुखणी सुरू होतात. इंटरनॅशनल युनियन फॉर कन्झर्व्हेशन ऑफ नेचरच्या लाल यादीत ५० पेक्षा कमी प्रौढ उरलेली प्रजाती फक्त तेवढ्या आकड्यावरच ‘अतिसंकटग्रस्त’ ठरते, ते उगाच नाही.

अमेरिकेत हीथ हेन नावाचा रानकोंबडीसारखा पक्षी शेवटी एकाच बेटावर उरला होता. १९०८ मध्ये तिथे त्याच्यासाठी राखीव क्षेत्र केलं. सुमारे पन्नासांचे काही वर्षांतच हजारावर झाले, म्हणजे उपाय लागू पडला होता. मग १९१६ मध्ये अंड्यांच्या हंगामात वणवा लागला. त्यामागे कडक हिवाळा, शिकारी पक्ष्यांची धाड, कोंबड्यांचा रोग. उरलेल्यांत नरच जास्त. १९३२ नंतर एकही दिसला नाही. यातली कोणतीही एक आपत्ती मोठ्या, विखुरलेल्या संख्येने पचवली असती. म्हणून शंभर जीव एकाच ठिकाणी ठेवण्यापेक्षा तीन ठिकाणी तेहतीस-तेहतीस बरे, अर्थात त्यांची अधूनमधून देवाणघेवाण होणार असेल तरच.

दुसरं दुखणं जनुकांचं. इथे डोकी मोजून चालत नाही, प्रजननात खरोखर किती जण भाग घेतात ते पाहावं लागतं. सूत्र सोपं आहे: नर गुणिले माद्या गुणिले चार, भागिले दोघांची बेरीज. ५० प्राणी आहेत, पण पिल्लं होतायत ती ५ नरांपासून आणि ४५ माद्यांपासून, तर प्रभावी संख्या येते १८. दर पिढीला जनुकीय विविधतेचा जो भाग गळतो तो म्हणजे १ भागिले या प्रभावी संख्येची दुप्पट. १८ ला तो सुमारे २.८ टक्के; दहा पिढ्यांत पाव विविधता गेली. तेच २५ नर आणि २५ माद्या असते तर दहा पिढ्यांत दहा टक्क्यांच्या आतच गेली असती. प्रजनन केंद्रात एखादा देखणा, जोमदार नर वारंवार वापरायचा मोह होतो. तो का आवरायचा, ते या आकड्यांत आहे.

विविधता घटल्याचं प्रत्यक्षात कसं दिसतं ते अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या पँथरमध्ये, म्हणजे तिथल्या प्यूमा या मोठ्या रानमांजरात, पाहायला मिळालं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वीस-तीस उरले होते: शेपटीला पीळ, हृदयात दोष, नरांचे वृषण खाली न उतरलेले. १९९५ मध्ये टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडल्या. त्यांतल्या पाच व्याल्या. दशकभरात संख्या तिप्पट झाली आणि दोष घटले. आणलेल्या माद्यांपैकी उरलेल्या नंतर काढून घेतल्या, म्हणजे स्थानिक रक्त बुडायला नको. एका तुटक्या गटात दर पिढीला एक ते दहा बाहेरचे, प्रजनन करणारे जीव मिसळत राहिले तर सहसा पुरतं. ‘सोडले’ आणि ‘प्रजनन केलं’ यांत मात्र फरक आहे. आठांतल्या पाचच व्याल्या, हे लक्षात ठेवून आकडा ठरवावा.

बाहेरचं रक्त कुठूनही आणलं तर उलटही होतं. मध्य युरोपातल्या टाट्रा पर्वतातले आयबेक्स, म्हणजे रानबकरे, संपल्यावर ऑस्ट्रियातून आणलेले नीट रुजले. मग त्यांत तुर्कस्तान आणि सिनाईकडचे उष्ण प्रदेशातले मिसळले. संकरित प्राणी वेळेआधीच माजावर येऊ लागले, करडं ऐन कडाक्याच्या फेब्रुवारीत जन्मली आणि सगळा कळपच संपला. बाहेरचे जीव निवडताना जनुकीय अंतरापेक्षा हवामान आणि ऋतुचक्र जुळतं का हे आधी पाहावं.

माणसाची मदत स्वतःच अडचण बनते, हा भाग फारसा बोलला जात नाही. न्यूझीलंडच्या चॅटम बेटांवर १९८० मध्ये ब्लॅक रॉबिन पक्षी फक्त पाच उरले होते, अंडी घालणारी मादी एकच. तिची अंडी दुसऱ्या जातीच्या पक्ष्यांच्या घरट्यात उबवून घेतली. मादी पुन्हा अंडी घाली, आणि हळूहळू संख्या शेकड्यांत गेली. काम अफाटच होतं. पण काही माद्या घरट्याच्या काठावर अंडं घालायच्या. ते अंडं उबत नाही, म्हणून कार्यकर्ते ते आत ढकलायचे. निसर्गात जी सवय एका पिढीत संपली असती ती अशाने जपली गेली, आणि दशकभरात निम्म्याहून जास्त माद्या काठावर अंडी घालू लागल्या. ढकलणं थांबवल्यावर प्रमाण कमी झालं. काकापो पोपटांनाही असंच वरचं खाणं दिलं, तर धष्टपुष्ट माद्यांना नरच जास्त होऊ लागले. मग मादीचं वजन पाहून, अंडी घालण्याइतकं पण त्याहून जास्त नाही, असं खाणं मोजून द्यायला लागलं. कोणताही आधार द्यायला सुरुवात करताना तो कधी आणि कोणत्या खुणेवर काढून घ्यायचा, ते त्याच दिवशी लिहून ठेवलेलं बरं.

जागा तीच, हवा वेगळी

समुद्री कासवांत पिल्लू नर की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं, आणि तेही उबवण्याच्या मधल्या एक-तृतीयांश काळातल्या. साधारण २९ अंशांना निम्मे-निम्मे. ३१ च्या वर जवळपास सगळ्या माद्या. त्याहून चार-पाच अंश वर गेलं की अंडीच मरतात. ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या तरुण हिरव्या कासवांत ९९ टक्क्यांहून अधिक माद्या असल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं.

इथे करता येण्यासारखं बरंच आहे आणि चुकण्यासारखंही. तापमापक वाळूच्या पृष्ठभागावर ठेवून काही कळत नाही, तो अंड्यांच्याच खोलीवर पुरावा लागतो आणि तासातासाची नोंद पूर्ण हंगामभर घ्यावी लागते. सावलीचं जाळं घरट्याच्या वर हवा खेळेल इतक्या उंचीवर बांधायचं. पाणी शिंपडल्याने वाळू थंड होते, पण वाळू चिंब झाली तर कवचातून हवा जात नाही आणि गर्भ गुदमरतो. घरटं हलवायचंच असेल तर अंडी घातल्यापासून दोन-तीन तासांत. नंतर गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो आणि अंडं नुसतं फिरलं तरी मरतो. हलवताना अंड्याची वरची बाजू वरच ठेवायची. आणि सगळीच घरटी थंड करू नयेत. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे माद्या थोड्या जास्त असणं हे नुकसान नाही. अंडी शिजण्याइतकी वाळू तापते ती घरटी पहिल्यांदा थंड करावीत, नर-मादी प्रमाणाचं नंतर.

ज्यांना सरकता येतं त्यांच्यासाठी डोंगर हा मोठा आधार असतो. सुमारे दीडशे मीटर चढलं की एक अंश थंडावा मिळतो. सपाट प्रदेशात तेवढ्याच थंडाव्यासाठी ध्रुवाकडे दीडशे किलोमीटरच्या आसपास जावं लागतं. म्हणून राखीव क्षेत्र आखताना एकाच उंचीचा मोठा तुकडा घेण्यापेक्षा पायथ्यापासून माथ्यापर्यंतची सलग पट्टी, उत्तरेकडचे उतार, खोल घळी आणि बारमाही झरे धरलेले जास्त उपयोगाचे. माथ्यावर आधीच राहणाऱ्यांना मात्र चढायला पुढे डोंगरच नसतो.

बेटावरच्यांचंही तेच. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला ब्रॅम्बल के नावाचं जेमतेम चार-पाच हेक्टरांचं प्रवाळबेट आहे, समुद्रापासून फार तर तीन मीटर उंच. तिथला मेलोमिस हा उंदीर जगात दुसरीकडे कुठेच नव्हता. वादळी लाटांनी खारं पाणी पुन्हा पुन्हा आत आलं, गवत-झुडपं जवळपास नाहीशी झाली. उंदीर शेवटचा दिसला २००९ मध्ये. २०१४ मध्ये शोधायला गेले तेव्हा एकही सापडला नाही.

अशा वेळी प्रजाती जिथे कधी नव्हती तिथे नेऊन सोडायची का? या प्रश्नावर तज्ज्ञांत कडाक्याचे मतभेद आहेत आणि ते रास्त आहेत, कारण नव्या जागी उपद्रवी ठरलेल्या जीवांनी जगभर पुरेसं नुकसान केलंय. तरी काही प्रयोग विचारपूर्वक झाले. इंग्लंडमध्ये दोन जातींची फुलपाखरं १९९९-२००० मध्ये ती जिथपर्यंत आढळत त्या सीमेच्या उत्तरेला ३५ आणि ६५ किलोमीटरवर सोडली आणि ती तिथे रुजली. पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थजवळच्या पावसाळी डबक्यांतलं स्वॅम्प टॉर्टॉइस हे कासव, पाऊस घटत चालल्याने, २०१६ मध्ये प्रयोग म्हणून बरंच दक्षिणेला नेलं. तिकडे पाणी जास्त टिकतं, पण ते थंड असतं. म्हणून ‘जगलं का?’ एवढंच न पाहता त्याच्या वाढीचा वेग मोजला गेला. आमच्या मते असा प्रयोग अशा प्रजातींपासून सुरू करावा ज्या सावकाश वाढतात, फार लांब जात नाहीत आणि गरज पडली तर परत पकडता येतात. वेगाने पसरणारी वनस्पती हा वाईट पहिला प्रयोग ठरेल.

एक धागा ओढला की

परिसंस्थेत एका जातीला काढलं की दुसरी काय करेल, हा हिशेब आधी मांडावा लागतो. ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका यांच्या मधल्या मॅक्वारी बेटावर माणसांनी आणलेली मांजरं समुद्रपक्षी मारत होती. २००० च्या सुमारास शेवटची मांजर काढली. पण मांजरं ससेही खात होती. त्यातच सशांवरच्या विषाणूचा जोर ओसरत गेलेला, त्यामुळे ससे वाढले, उतारांवरच्या वनस्पती कुरतडून टाकल्या आणि दरडी कोसळू लागल्या. अखेर ससे, उंदीर, घुशी तिन्ही एकाच मोहिमेत काढाव्या लागल्या: आधी सशांचा रोग सोडला, मग हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकलं, शेवटी कुत्र्यांच्या मदतीने एकेक ससा शोधला. २०१४ मध्ये बेट मुक्त जाहीर झालं. मांजरं काढणं चूक नव्हतं. फक्त क्रम आणि एकत्रित आखणी हवी होती.

सोडण्याच्या दिवसाआधी आणि नंतर

परस्परांशी नातं नसलेले वीस संस्थापक जीव, म्हणजे नवा गट ज्यांच्यापासून सुरू होतो ते, मूळ गटाची सुमारे ९७.५ टक्के विविधता नेतात. दुर्मीळ जनुकं मात्र मागे राहतात, म्हणून पुढच्या वर्षांत भर घालायची सोय ठेवावी. विलगीकरण साधारण तीस दिवसांचं, त्यात रक्त, विष्ठा आणि त्वचेची तपासणी. बेडूक असतील तर त्यांच्यात जीवघेणा रोग पसरवणाऱ्या कायट्रिड बुरशीची चाचणी टाळूच नये. जागेवर तात्पुरतं आवार करून काही आठवडे तिथेच खाऊपिऊ घालून मग दार उघडलं, तर अनेक प्राणी सैरावैरा पळून जात नाहीत. रेडिओ कॉलर सस्तन प्राण्याच्या वजनाच्या पाच टक्क्यांच्या आत, पक्ष्याच्या तीन टक्क्यांच्या आत. १०० ग्रॅमच्या पक्ष्यावर ३ ग्रॅमपेक्षा जास्त ओझं नको.

नंतरच्या पाहणीत सगळ्यात सर्रास घोटाळा हा की ‘दिसला नाही’ म्हणजे ‘नाही’ असं धरलं जातं. प्राणी तिथे असूनही एका फेरीत दिसण्याची शक्यता ३० टक्के असेल, तर चार फेऱ्यांनंतरही तो नजरेतून सुटण्याची शक्यता २४ टक्के उरते. ती ५ टक्क्यांच्या खाली आणायला नऊ फेऱ्या लागतात. म्हणून प्रत्येक फेरीची वेळ, हवामान, पाहणारे किती आणि फिरलेलं अंतर, काही न दिसलं तरी, लिहायचं. हे कोरे रकानेच पुढे संख्या घटली की पाहणी कमी पडली, ते सांगतात.

मोजत बसण्यातही धोका आहेच. हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावरचं पिपिस्ट्रेल वटवाघूळ घटतंय याची नोंद वर्षानुवर्षं होत होती. पकडून प्रजनन करायची परवानगी मिळाली ती २००९ च्या जुलैमध्ये. ऑगस्टमध्ये पथक पोहोचलं तेव्हा ध्वनियंत्रावर एकाच वटवाघळाचा आवाज मिळत होता. तो शेवटचा २६ ऑगस्टला. २०१७ मध्ये ही जात नामशेष जाहीर झाली.

यावर तोडगा कंटाळवाणा आहे, पण चालतो: आराखड्यातच आकडा आणि कृती शेजारी-शेजारी लिहायची. उदाहरणार्थ, ‘सलग दोन हंगाम प्रजननक्षम माद्या वीसच्या खाली मोजल्या गेल्या, तर त्याच हंगामात सहा जोड्या पकडायच्या.’ समोर चार रकाने: सही कोण करणार, पिंजरे कुठे तयार आहेत, पैसा कोणत्या खात्यातून, पकडण्याचा परवाना कधीपर्यंत वैध. यांत परवान्यालाच सर्वाधिक वेळ लागतो, त्यामुळे अर्ज वीसचा आकडा येण्याची वाट न पाहता, माद्या साठ असतानाच टाकावा आणि मुदत संपण्याआधी दर वेळी नूतनीकरण करून घ्यावं.